गृहरक्षक दल : संकटकाळी गावाचा पहिला आधार

आपत्ती कोसळल्यानंतरचे पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. बाहेरील मदत येऊन पोहोचेपर्यंत गावाला गावाचाच आधार असतो. या आधाराला शिस्त आणि प्रशिक्षण यांची जोड देणारी नागरिकांची संघटना आपल्या राज्यात पाऊणशे वर्षांहून अधिक काळ कार्य करीत आहे. ती म्हणजे गृहरक्षक दल, अर्थात होमगार्ड.

स्थापना आणि स्वरूप

फाळणीपूर्व काळातील जातीय दंगलींच्या पार्श्वभूमीवर ६ डिसेंबर १९४६ रोजी तत्कालीन मुंबई प्रांतात या दलाची स्थापना झाली. प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. १९४७ च्या अधिनियमाने दलास वैधानिक अधिष्ठान लाभले. कर्तव्यावर पाचारण केलेल्या गृहरक्षकास पोलिसांप्रमाणेच अधिकार व संरक्षण प्राप्त होते. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्र शासनाने अशा स्वयंसेवी संघटना एकाच स्वरूपात आणण्याची सूचना राज्यांना केली आणि ही कल्पना देशव्यापी झाली.

‘निष्काम सेवा’ हे दलाचे ब्रीद आहे. शेतकरी, कामगार, दुकानदार, विद्यार्थी असे सर्व थरांतील नागरिक आपला व्यवसाय सांभाळून त्यात सेवा करतात. कवायतीबरोबरच प्रथमोपचार, अग्निशमन व विमोचन यांचे शिक्षण त्यांना दिले जाते.

स्थानिक माहितीचे महत्त्व

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण दरडीखाली गेले, तेव्हा ती वार्ता बाहेर आणली एस. टी. च्या चालकाने. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेथे वाहनांचा रस्ता नसल्याने मदत पथकांना डोंगर चढून जावे लागले.

कोणत्या घरात किती माणसे होती, अंथरुणाला खिळलेले वृद्ध कोठे निजत, ओढा कोठे ओलांडता येतो, हे बाहेरच्या पथकास ठाऊक नसते. गावच्या गृहरक्षकास ते ठाऊक असते. त्याचे खरे सामर्थ्य या ओळखीत आहे.

सज्जता कशी टिकेल?

यात्रा, उत्सव आणि निवडणुकांच्या बंदोबस्तात आपण होमगार्ड नेहमी पाहतो. त्यामुळे पोलिसांचे पूरक मनुष्यबळ एवढीच त्यांची ओळख रूढ झाली आहे. परंतु विमोचनाचे शिक्षण सरावाविना गंजते. हा सराव टिकविण्यात गावाचाही वाटा असला पाहिजे.

ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील गृहरक्षकांची नावे व संपर्काची माहिती दर्शनी फलकावर लावावी. दोर, शिडी, विजेऱ्या, कुदळी, फावडी व प्रथमोपचार पेटी एका निश्चित जागी ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी त्यांची तपासणी करावी. शाळेने वर्षातून एकदा तरी गृहरक्षकांस पाचारण करून विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक घडवावे. तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी आपत्ती आराखड्यात गृहरक्षकांची कामे आधीच नेमून द्यावीत.

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. दरड कोसळल्यावर कोणास हाक मारावयाची, हे दरड कोसळण्यापूर्वी गावाला ठाऊक असले पाहिजे.