परदेशातील आप्त आणि गुपितांची नोकरी

कामगाराला बडतर्फ करायचे तर आधी आरोपपत्र, मग चौकशी, मग साक्षीदारांची उलटतपासणी, हा क्रम आम्ही भांडून पदरात पाडून घेतला. पण काम सरकारी गुपितांचे असेल तर माणसाने काय केले हा प्रश्न मागे पडतो, आणि त्याची आई कोठे राहते असे विचारले जाते. अमेरिकेत हे कसे चालते ते पाहू. आपली कितीतरी मुले तिथली नागरिक झाली आहेत; आईबाप मात्र इथेच आहेत.

गोपनीय कागद हाताळण्यासाठी तिथे सुरक्षा-परवाना लागतो. अर्जदाराने आईबाप, भावंडे, सासूसासरे यांची नावे, नागरिकत्व आणि व्यवसाय लिहून द्यायचे. २०१७ पासून लागू असलेल्या कसोट्या तेरा. त्यांतली दुसरी परकीय प्रभावाची. नातलग परदेशात आहे एवढ्यावरून परवाना नाकारावा, असे ती म्हणत नाही. त्या नातलगाच्या आडून अर्जदारावर दबाव आणता येईल काय, एवढे ती विचारते. मग देश कोणता, तिथले सरकार हेरगिरी करते काय, नातलग शेती करतो की लष्करात आहे, हे सारे तोलले जाते. दुसऱ्या पारड्यात अर्जदाराचे तिथले घर, मुले, नोकरीची वर्षे. 'आईशी क्वचितच बोलतो' ही सबब सहसा टिकत नाही. जवळच्या नात्यात माया आहे असे गृहीतच धरतात, सासुरवाडीचीसुद्धा! आणि शंका उरली तर निकाल सरकारच्या बाजूने. फौजदारी कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, त्याच्या नेमके उलटे. नातलग लपवणे तर सर्वांत वाईट. मग खोटेपणाची वेगळीच कसोटी लागते आणि खटलाही होऊ शकतो.

आज निदान कारण कळते. १९५३ साली तेही कठीण होते. मिलो राडुलोविच हा हवाई दलाच्या राखीव तुकडीतला अधिकारी. बाप सर्बियाहून आलेला, मोटार कारखान्यातला कामगार. बाप सर्बियन वृत्तपत्र घेतो, बहीण डाव्या विचारांची, म्हणून मुलगा धोक्याचा ठरला. त्याच्या स्वतःच्या निष्ठेबद्दल तक्रार नव्हती. बापाला तोडायला तो तयार झाला नाही. एडवर्ड मरो यांनी ऑक्टोबरमध्ये दूरदर्शनवर ही हकीकत मांडली, आणि पुढच्याच महिन्यात हवाई दलाने निर्णय फिरवला.

प्रत्येकाला मरो भेटत नाही. त्याच वर्षी विल्यम ग्रीन या इंजिनिअरचा परवाना गेला. घटस्फोट झालेल्या पहिल्या बायकोचे मित्र आणि सोव्हिएट वकिलातीशी आलेला संबंध, ही कारणे. आरोप करणारे कोण, हे त्याला सांगितले नाही. वर्षाला १८,००० डॉलर मिळवणारा माणूस ४,४०० वर नकाशे काढू लागला. सहा वर्षे तो लढला. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, साक्षीदार समोर न आणता पोट मारण्याचा अधिकार या खात्याला कोणी स्पष्टपणे दिलेलाच नाही. त्यानंतर १९६० च्या फेब्रुवारीत आयझेनहॉवर यांनी हुकूम काढला. खाजगी कंपनीतल्या अर्जदाराला आता लेखी कारणे, उत्तराची मुदत आणि सुनावणी मिळते. उलटतपासणीही, पण अपवाद सोडून. वकील स्वखर्चाने आणायचा.

मात्र परवाना हा कोणाचाही हक्क नव्हे, असे त्याच न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितले. आपल्या घटनेच्या ३११व्या कलमातही, राज्याच्या सुरक्षिततेसाठी सरकारी नोकराची चौकशी टाळून त्याला बडतर्फ करण्याची मुभा आहे.