टोपी कुठे संपते, भिंत कुठे सुरू होते?

वडिलांच्या पंच्याहत्तरीसाठी फ्लेक्स करायचा होता, असं एका वाचकांनी कळवलं आहे. फोटो घराच्या ओट्यावर, चुन्याने रंगवलेल्या भिंतीसमोर काढलेला. डोक्यावर नेहमीची पांढरी टोपी. मोबाइलवरच्या ॲपने मागची भिंत क्षणात काढून टाकली, पण तिच्याबरोबर टोपीही गेली. ते लिहितात, ‘वडिलांना आम्ही कधी बोडक्या डोक्याने पाहिलेलं नाही. आमच्या डोळ्यांना जी टोपी स्वच्छ दिसते, ती यंत्राला का दिसत नाही?’

प्रश्न फार मोलाचा आहे, कारण फोटोतला एक तुकडा बाकीच्यापासून वेगळा काढणं हे गेली चाळीस वर्षं भल्याभल्यांना कामाला लावणारं कोडं आहे. आपण फोटोत माणूस पाहतो, टोपी पाहतो. संगणकापुढे असतात नुसते ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. समजा उन्हातली टोपी २४० च्या आसपास आहे आणि भिंत २३५ च्या. फोटोशॉपच्या १९९० मधल्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात ‘मॅजिक वाँड’ नावाची कांडी आहे. एका ठिपक्यावर टिचकी मारली की ती शेजारच्या ठिपक्यांकडे सरकत जाते आणि रंग जवळचा असेल तर त्यांना आत घेते. ‘जवळचा’ म्हणजे किती, हे ‘टॉलरन्स’ ठरवतो, आणि तो मुळात ३२ वर लावलेला असतो. आपल्या फोटोत फरक आहे अवघ्या पाचाचा. भिंतीवर टिचकी मारली की टोपी आलीच!

निवडलेल्या भागाभोवती जी तुटक रेघ चालताना दिसते, तिची गोष्ट मला फार आवडते. १९८४ च्या मॅकपेंटसाठी बिल ॲटकिन्सन यांना अशी रेघ हवी होती, जी काळ्या चित्रावरही दिसेल आणि पांढऱ्यावरही. बिअरच्या जाहिरातीचा एक फलक त्यांच्या पाहण्यात आला. त्यात धबधबा वाहतोय असा भास होत होता. रेघ स्थिर कशाला, तीही वाहती ठेवू, हे त्यांना तिथे सुचलं. एका सहकाऱ्याने तिला ‘चालत्या मुंग्या’ म्हटलं आणि ते नाव आजही टिकून आहे. ॲटकिन्सन जून २०२५ मध्ये गेले, त्यांच्या मुंग्या मात्र जगभरच्या पडद्यांवर रोज चालत असतात.

पण मुंग्यांनी नेमकं कुठून चालायचं? याचं मला सर्वांत सुंदर वाटणारं उत्तर फोटोंच्या जगातून आलेलंच नाही. ते रेल्वेच्या नकाशातून आलं आहे.

शीतयुद्धाचा काळ. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमधले गणितज्ञ टी. ई. हॅरिस आणि निवृत्त जनरल एफ. एस. रॉस यांनी एक गुप्त अहवाल लिहिला. सोव्हिएत संघाच्या पश्चिम भागातून पूर्व युरोपात जाणाऱ्या रेल्वेचं जाळं त्यांनी ४४ केंद्रं आणि १०५ जोडण्यांमध्ये मांडलं होतं. या जाळ्यातून जास्तीत जास्त किती माल जाऊ शकतो? आणि तो पुरता थांबवायचा असेल तर कमीत कमी किमतीत कोणते मार्ग तोडावे लागतील? रँडमध्येच काम करणाऱ्या लेस्टर फोर्ड आणि डेल्बर्ट फुल्कर्सन यांनी दाखवून दिलं की हे दोन प्रश्न म्हणजे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. जास्तीत जास्त वाहतुकीचा आकडा आणि सर्वांत स्वस्त तोडीचा आकडा नेहमी सारखाच येतो. त्यांचा शोधनिबंध १९५६ मध्ये छापून आला. मूळ अहवाल मात्र डच गणितज्ञ अलेक्झांडर श्रायव्हर यांच्या विनंतीवरून १९९९ मध्ये खुला झाला.

आपल्याकडचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून पुण्या-नाशकाकडे जाणारा माल रोखायचा आहे, लांबचे वळसे सोडून देऊ. कल्याणच्या सपाटीवर रूळ उखडत बसणारा फसेल, कारण तिथे फाटे फार. शहाणा माणूस बोरघाट आणि थळघाट अडवेल. तोडण्याची सर्वांत स्वस्त जागा घाटातच असते, आणि कोकण कुठे संपतं, देश कुठे सुरू होतो, ती सीमाही तीच!

आता प्रत्येक ठिपक्याला एक स्टेशन समजा. शेजारच्या दोन ठिपक्यांचा रंग सारखा असेल तर त्यांच्यात रुंद लोहमार्ग, तोडायला महाग. रंग एकदम बदलत असेल तर अरुंद घाट, तोडायला स्वस्त. एका टोकाला ‘माणूस’ नावाचं मोठं ठाणं, दुसऱ्या टोकाला ‘मागचं दृश्य’. एकाकडून दुसऱ्याकडे काहीच पोचू नये अशी सर्वांत स्वस्त तोड शोधा. ती जिथून जाते, तीच माणसाची कड.

वाचकांच्या वडिलांची टोपी कुठे गेली, हेही यातून कळतं. टोपी आणि भिंत यांच्यामध्ये रुंद मार्ग आहे. अरुंद घाट आहे तो टोपीच्या खालच्या कडेला, उन्हाने रापलेलं कपाळ सुरू होतं तिथे. स्वस्त तोड कपाळावरून जाते आणि टोपी भिंतीच्या वाट्याला येते. हिशेब बिनचूक, फोटो चुकलेला.

ही युक्ती चित्रांना पहिल्यांदा लावली ब्रिटनमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या तिघा संख्याशास्त्रज्ञांनी: ग्रेग, पोर्टियस आणि सेहॉल्ट. साल १९८९. खराब झालेलं काळं-पांढरं चित्र मूळ रूपात कसं आणायचं, एवढाच त्यांचा विषय होता, आणि बहुधा म्हणूनच संगणकदृष्टीवाल्यांचं जवळजवळ दहा वर्षं तिकडे लक्ष गेलं नाही. २००१ मध्ये युरी बॉयकोव्ह आणि मारी-पियेर जॉली यांनी हीच वाट फोटोतली वस्तू वेगळी काढण्यासाठी वापरली. २००४ मध्ये केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातून ‘ग्रॅबकट’ आलं: माणसाभोवती नुसती चौकट ओढा, उरलेलं ते बघेल. ग्रॅबकटचं नाव पुष्कळांना माहीत असतं, डरहॅमच्या तिघांचं फारच थोड्यांना. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

केसांची गोष्ट आणखी अवघड. कपाळावरची बट ठिपक्यापेक्षाही बारीक असते, त्यामुळे त्या एका ठिपक्यात थोडा केस आणि थोडं मागचं दृश्य असतं. तिथे ‘आत की बाहेर’ असं विचारून भागत नाही, ‘किती आत’ हे विचारावं लागतं. हा ‘किती’ चौथा आकडा म्हणून प्रत्येक ठिपक्याबरोबर साठवायची कल्पना एड कॅटमल आणि आल्व्ही रे स्मिथ यांची, १९७७ ची. त्यालाच ‘अल्फा’ म्हणतात. तो फोटोतून शोधणं कठीण, कारण हाताशी असतात तीन आकडे आणि शोधायच्या असतात सात गोष्टी: केसाच्या रंगाचे तीन आकडे, मागच्या रंगाचे तीन आणि अल्फा. सिनेमावाले मागे हिरवा पडदा लावतात तो यासाठीच, म्हणजे मागच्या रंगाचे तीन आकडे आधीच माहीत असतात.

आता सगळं श्रेय ‘एआय’ला देण्याची लाट आहे. एका स्पर्शात फोटो कापला जातो ही प्रगती खरीच, आणि मोठीही. मेटा कंपनीने २०२३ मध्ये आणलेल्या ‘सेगमेंट एनिथिंग’ या प्रणालीमागे १ कोटी १० लाख चित्रं आणि त्यांतली ११० कोटी कापलेली रूपं आहेत. डोक्यावर टोपी असू शकते, हे अशी प्रणाली उदाहरणांवरून शिकते. पण फोटोत जिथे टोपीची कड उमटलेलीच नाही, तिथे तीही अंदाजच करते. ‘अचूक’ हा जाहिरातीतला शब्द तिथे लागू होत नाही.

फ्लेक्सच्या दुकानात ‘कटिंग’ करणारा मुलगा काय करतो ते एकदा जवळून बघा. तो फोटो तिप्पट मोठा करतो. पेन टूल घेऊन टोपीच्या टोकापासून एकेक बिंदू टाकत जातो. जिथे भिंत आणि टोपी एक झाली आहे, तिथे क्षणभर थांबतो, दुसऱ्या बाजूची इस्त्रीची घडी बघतो आणि तोच बाक इकडे आणतो. शेवटी एक पिक्सेलचा फेदर देतो, म्हणजे कड कात्रीने कापल्यासारखी दिसत नाही. फोटोत नसलेली रेघ त्याला ठाऊक असते, कारण अशा टोप्या त्याने घरात पाहिलेल्या असतात.

तेव्हा वाचकहो, मूळ फोटो अशा मुलाकडे न्या, टोपी परत येईल. आणि पुढच्या वेळी वडिलांना भिंतीपुढे बसवण्याआधी मागे एक गडद सतरंजी टांगा.