काचपेटीतील समुद्र

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते केवळ स्वयंपाकातील मीठ नव्हे. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचेही क्षार असतात. म्हणून मत्स्यपेटीसाठी खास बनविलेले सागरी मीठ क्लोरीनविरहित पाण्यात विरघळवावे लागते. एवढे झाले, की नवशिक्याला मासे आणण्याची घाई होते. आणि तीच माशांच्या जिवावर बेतते.

मासे पाण्यात अमोनिया सोडतात. तो त्यांना विषासमान असतो. अथांग समुद्रात तो विरून जातो. पेटीत मात्र साचतो. पेटी जितकी लहान, तितके पाणी लवकर बिघडते. परंतु काही सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे पुष्कळ सौम्य असे नायट्रेट बनवितात. दगडांवर व वाळूत त्यांची वस्ती होण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माशांचे खाद्य चिमूटभर टाकून त्यांना पोसावे. पेटी ओसाड दिसते, पण ती ओसाड नसते! पाणी तपासून अमोनिया व नायट्राइट शून्य आढळल्यावरच पहिला मासा आणावा.

पुढे पाणी आटू लागते. क्षार मात्र आटत नाहीत, मागेच राहतात. म्हणून आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच करावी.