जुना ट्रॅक्टर, नवे अवजार : जोडणीपूर्वी मोजमाप

ठाणे-कल्याण-डोंबिवली हा पट्टा शहरी म्हणून ओळखला जात असला, तरी कल्याण तालुक्याच्या ग्रामीण भागात आणि शेजारच्या मुरबाड, शहापूर तालुक्यांत भात हेच खरिपाचे मुख्य पीक आहे. कापणीनंतर ट्रॅक्टरवर चालणारे मळणी यंत्र किंवा पेंढ्याच्या गाठी बांधणारे यंत्र लावावयाचे झाल्यास, जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत अश्वशक्तीइतकाच जोडणीचा विचार करावा लागतो.

असे यंत्र ड्रॉबार ओढतो, तर त्याला शक्ती पी.टी.ओ. शाफ्ट पुरवितो. मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पी.टी.ओ.च्या टोकापासून ड्रॉबारच्या पिनेच्या छिद्रापर्यंतचे आडवे अंतर ३५६ मिलिमीटर, म्हणजे १४ इंच, असावे. छिद्र मध्यरेषेवर हवे. अंतर कमी पडल्यास वळणावर जोडशाफ्टच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्या तळाला टेकून बेअरिंगला इजा पोहोचते. जास्त झाल्यास त्या निसटून फिरता शाफ्ट मोकळा होतो.

काही जुन्या ट्रॅक्टरांवर खालच्या दोन लिंकांमध्ये छिद्रांची आडवी पट्टी असते. ती हायड्रॉलिकने वरखाली होत असल्याने, आधारपट्ट्यांनी पक्की केल्याशिवाय तिला असे अवजार जोडू नये.

शाफ्टवरील संरक्षक आवरण कधीही काढू नये. सेकंदाला ९ फेरे घेणारा शाफ्ट अडकलेला पदर सोडविण्यास उसंत देत नाही. मळणी यंत्रांवरील अपघात लक्षात घेऊनच संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा संमत केला. हंगामापूर्वी ग्रामसभेत ही माहिती दिल्यास, एका मोजपट्टीच्या साहाय्याने अनेकांचे हातपाय वाचू शकतील.