सर, प्लीज गाइड करा!

साधारण फेब्रुवारीच्या उत्तरार्धात गूगलची एक यादी जाहीर होते आणि देशभरातल्या इंजिनीअरिंगच्या होस्टेलांत धावपळ सुरू होते. ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमात यंदा कोणकोणते मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प आहेत, याची ती यादी. २००५ पासून हा उपक्रम चालू आहे. निवड झाली तर उन्हाळाभर एखाद्या नामवंत प्रकल्पासाठी कोड लिहायचा, त्याचं मानधन मिळतं, शिवाय बायोडेटात गूगलचं नाव येतं ते वेगळंच. ग्वाल्हेरलाही या यादीची वाट पाहणारे कमी नाहीत. १९५७ सालची माधव इन्स्टिट्यूट तिथे आहे. १९९७ साली सुरू झालेली, आता अटलबिहारी वाजपेयींचं नाव असलेली ट्रिपल आयटीएम आहे. आणि सीनियरांनी ज्युनियरांना ‘आतापासूनच लागा’ असं बजावण्याची पद्धत आहे, ती तर प्रत्येक कॉलेजात असते.

मग त्या प्रकल्पांच्या गप्पांच्या खोल्यांत निरोपांचा पाऊस पडतो. मजकूर थोड्याफार फरकाने एकच. आदरणीय सर, मी अमुक कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, मला सी++ आणि पायथन येतं, मला तुमच्या प्रकल्पात योगदान द्यायचं आहे, कृपया मार्गदर्शन करा. बऱ्याचदा याला उत्तर येत नाही. आलंच तर एक दुवा येतो: आधी हे वाचा. मुलगा हिरमुसतो. आपण काय चुकीचं बोललो, हे त्याला कळत नाही, आणि खरं म्हणजे तो चुकीचं काहीच बोललेला नसतो. त्याने ओळख करून दिली, पण त्या ओळखीचा उपयोग काय करायचा हे समोरच्याला कळलं नाही, इतकंच.

पलीकडे कोण बसलेलं असतं, याची कल्पना केली की हे उलगडतं. असे प्रकल्प सांभाळणारी माणसं बहुतेक वेळा स्वतःची नोकरी करून, रात्री किंवा शनिवार-रविवारी हे काम करतात. कुणी बर्लिनमध्ये, कुणी ब्राझीलमध्ये. एका आठवड्यात असे शंभर निरोप आले तर ती मार्गदर्शन करणार कुणाकुणाला आणि कशाचं? शिवाय त्या जगात ‘सर’ ही पदवी चालत नाही. वीस वर्षांचा पोर आणि साठीचा तज्ज्ञ दोघेही एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. ‘डिअर सर’ने सुरू होणारा निरोप वाचणारी प्रकल्पप्रमुख बाई असते, असंही होतं.

आपल्याकडे ओळख म्हणजे नातं जुळवणं. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तर हे जास्तच. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी लष्कर वसवलं आणि शिंदेशाहीबरोबर आलेली कारकून, सरदार, भिक्षुक, वैद्य मंडळी तिथेच रुजली. आज पिढ्या उलटल्या तरी नवा माणूस भेटला की ‘मूळ गाव कोणतं? कुणापैकी तुम्ही?’ हे प्रश्न चहाच्या आधी येतात. त्यात गैर काही नाही. परक्या मुलखात टिकून राहिलेल्या समाजाला एवढी चौकशी करावीच लागते. पुढे शाळेत ‘माझे नाव, माझी इयत्ता, माझे वडील’ हा निबंध आणि कॉलेजात प्लेसमेंटच्या मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ हा पहिला प्रश्न. एवढी तालीम झाल्यावर मुलगा संगणकवेड्यांच्या घोळक्यात शिरतानाही कॉलेज, वर्ष, टक्के असंच सांगणार.

पण त्या घोळक्याची रीत फार पूर्वी, वेगळ्याच ठिकाणी ठरली होती.

५ मार्च १९७५ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी गॉर्डन फ्रेंच नावाच्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली. ‘होमब्रू कम्प्युटर क्लब’ची ती पहिली बैठक. आल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा संगणक नुकताच बाजारात आला होता आणि त्याचं जमलेल्यांना अप्रूप होतं. पुढे क्लब वाढला, बैठका स्टॅनफर्डच्या सभागृहात होऊ लागल्या आणि ली फेल्सेन्स्टाइन यांनी त्यांना एक शिस्त लावली. आधी एकेकाने उभं राहून थोडक्यात सांगायचं: माझ्याकडे काय आहे, मी काय करतोय, मला काय हवंय. मग सभा मोडून सगळ्यांनी मोकळं फिरायचं आणि ज्याचं बोलणं कामाचं वाटलं त्याला गाठायचं. पहिल्या फेरीला ते ‘मॅपिंग’ म्हणत. कोण कुठे राहतो यापेक्षा कुणाच्या पोतडीत काय आहे, याचा तो नकाशा होता.

या क्लबचं वार्तापत्र फ्रेड मूर काढत. त्यात सदस्यांच्या ओळखी दोन-चार ओळींत छापल्या जात. त्यातली एक ओळख ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरी करणाऱ्या एका बुजऱ्या तरुणाची आहे. त्याने सांगितलं ते असं: स्वतः रचलेलं टीव्हीवर चालणारं टर्मिनल आहे, ‘पाँग’ या खेळाची स्वतःची आवृत्ती आहे, टीव्हीवर बुद्धिबळाचा पट दाखवणारं मोजक्या चिपांचं यंत्र करतोय, डिजिटल डिझाइन येतं, वेळ कमी आहे, पण आराखडे द्यायला तयार आहे. त्या तरुणाचं नाव स्टीव्ह वॉझ्नियॅक. पुढच्या वर्षी त्याने स्टीव्ह जॉब्जबरोबर अॅपल कंपनी काढली. ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. इथे मुद्दा त्याच्या त्या चार ओळींचा. आहे काय, येतं काय, कमी काय आणि देणार काय, एवढं सगळं त्यात आलं. ‘वेळ कमी आहे’ हेसुद्धा त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, हे विशेष. नवखा माणूस सहसा ‘मी काहीही करायला तयार आहे’ असं म्हणतो, आणि ते कुणालाच खरं वाटत नाही.

दुसरं उदाहरण लिनक्सचं. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांच्या चर्चागटात एक पत्र टाकलं. आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, एप्रिलपासून काम चाललंय, मिनिक्समध्ये काय आवडतं आणि काय खटकतं ते सांगा, असा त्याचा आशय. कोणते दोन प्रोग्राम आपल्या यंत्रणेवर चालायला लागलेत, ते त्याने आवृत्तीच्या आकड्यांसह लिहिलं. आणि ही यंत्रणा दुसऱ्या जातीच्या संगणकांवर चालणार नाही, आपल्याकडे जी हार्ड डिस्क आहे तिच्यापलीकडे कदाचित कधीच काही चालणार नाही, हेही लिहून टाकलं. वय, वर्ष, गुण यांचा उल्लेख नाही. त्याआधी जुलैत त्याने त्याच गटात एका मानकाबद्दल साधा प्रश्न विचारला होता. अॅरी लेम्के या जाणकाराचं तिकडे लक्ष गेलं आणि पुढे त्यानेच सर्व्हरवर जागा दिली, ‘लिनक्स’ हे नावही त्यानेच त्या फोल्डरला दिलं. म्हणजे नेमका प्रश्न हीच पुष्कळदा खरी ओळख ठरते.

नवख्यांचा त्रास जुन्यांना तेव्हाही होताच. त्या काळी अमेरिकेत दर सप्टेंबरला नव्या विद्यार्थ्यांना कॉलेजांतून यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्याची खाती मिळत आणि महिनाभर चर्चागटांत गोंधळ माजे. मग मुलं रुळत. १९९३-९४ मध्ये अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपन्यांनी घरोघरच्या ग्राहकांना हे दार उघडून दिलं आणि गर्दी थांबेचना. जुने लोक म्हणू लागले की १९९३ चा सप्टेंबर अजून संपलेला नाही. त्यातून ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटरनेटवरच्या शिष्टाचारांची एक अधिकृत पुस्तिकाच निघाली. तिच्यातला एक सल्ला असा, की कुठल्याही गटात तोंड उघडण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचावं. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं त्याच वर्षी १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमच्या कृपेने, तेही आधी मोजक्या महानगरांत. ग्वाल्हेरहून एसटीडीच्या दराने दिल्लीला फोन जोडून दोन महिने नुसतं वाचत बसणं कुणाच्या खिशाला परवडलं असतं, हा प्रश्न त्या पुस्तिकेच्या कर्त्यांना पडला नसावा. नवख्याच्या उतावीळपणाला त्याच्या परिस्थितीचीही बाजू असते.

आता इंटरनेट चहाहून स्वस्त झालंय आणि उतावीळपणाला वेगळं कारण मिळालंय.

डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते. ऑक्टोबर महिन्यात मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चार सुधारणा सुचवा आणि टी-शर्ट मिळवा, असा २०२० चा नियम होता. पहिल्या ७० हजार जणांना शर्ट मिळणार होता. एका भारतीय यूट्यूब चित्रफितीत सुधारणा कशी पाठवायची याचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं: माहितीपत्रकाच्या फाइलीत एखादा कौतुकाचा शब्द घाला आणि पाठवा. झालं. जगभरातल्या प्रकल्पांवर ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ छापाच्या सुधारणा आदळू लागल्या. वैतागलेल्या मंडळींचा ओरडा इतका झाला की ३ ऑक्टोबरलाच नियम बदलावा लागला आणि ज्यांना हवंय त्या प्रकल्पांपुरताच उत्सव मर्यादित झाला. २०२३ मध्ये तर शर्टही बंद झाले.

२०२४ च्या सुरुवातीला हेच दुसऱ्या रूपात घडलं. वेबसाइटी बांधण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘एक्स्प्रेस’ या प्रकल्पाची निवड एका लोकप्रिय हिंदी शिकवणी वाहिनीने नमुन्यादाखल केली. माहितीपत्रकात बदल कसा करायचा ते दाखवलं आणि पाहणाऱ्यांनी हुबेहूब तेच केलं. शेकडो मुलांनी त्या फाइलीत स्वतःची नावं घालून पाठवली. प्रकल्पावर लक्ष ठेवून असलेल्या हजारोंना त्या प्रत्येकाची सूचना ईमेलने जात होती. नाव नोंदवणं म्हणजेच आपली ओळख करून देणं, अशीच त्या मुलांची समजूत झाली असणार. हसणाऱ्यांनी मुलांना हसून घेतलं. शिकवणाऱ्याला कमी लोक हसले. खरा दोष शिकवण्याचा होता.

कारण सरावासाठी निराळी जागा लागते आणि ती दाखवणं हे शिक्षकाचं काम आहे. मराठी विकिपीडियाने हे ओळखलं. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या विकिपीडियावर सरावाच्या पानाला धूळपाटी म्हणतात आणि गप्पांच्या पानाला चावडी. नव्या सदस्याच्या चर्चापानावर स्वागताचा निरोप येतो, त्याने धूळपाटीवर वाटेल ते गिरवावं, पुसलं जाईल, कुणी रागवणार नाही. असे प्रकल्प आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहबवरही ‘फर्स्ट काँट्रिब्युशन्स’ नावाचा प्रकल्प नेमका यासाठी आहे: तिथे आपलं नाव यादीत घालणं हेच काम, आणि ते घातलं की आभार मानले जातात. एक्स्प्रेसऐवजी हा दुवा त्या चित्रफितीत दिला असता तर कुणाला काही कळलंही नसतं. अनेक प्रकल्प नवख्यांसाठी सोपी कामं ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी चिठ्ठी लावून बाजूलाही काढून ठेवतात.

काही ठिकाणी तर ओळख हा औपचारिक विधीच आहे. फेडोरा या लिनक्स प्रकल्पात नव्या माणसाने ‘सेल्फ इंट्रोडक्शन’ असा विषय लिहून पत्र टाकायची प्रथा पडली. त्यात गाव, व्यवसाय, याआधी काय केलंय, इथे काय करायचं आहे हे तर यायचंच, पण भाषांतर आणि दस्तऐवजांच्या गटांत आपल्या कूटकिल्लीचा ठसाही द्यावा लागे, म्हणजे पुढे याच नावाने दुसरा कुणी काही पाठवू नये. डेबियनची रीत याहून कडक. तिथे सदस्य व्हायचं तर सहसा आधीच्या सदस्याने प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहून तुमच्या किल्लीवर सही करावी लागते. आयुष्य पडद्यासमोर काढणाऱ्या लोकांनी शेवटी भरवसा ठेवला तो समोरासमोरच्या भेटीवर, याची गंमत वाटते. डेबियनची वार्षिक जागतिक परिषद भारतात पहिल्यांदा भरली ती सप्टेंबर २०२३ मध्ये, कोचीला. तिथे अशा सह्या करून घेण्याची सोय होती. ग्वाल्हेरहून कोची लांब आहे, पण युरोपाएवढी नाही.

हल्ली नवाच पेच आलाय. ओळखीचं पत्र चॅटबॉटकडून लिहून घेता येतं. इंग्रजी निर्दोष, सूर नम्र, आत काही नाही. ‘कर्ल’ या सर्वदूर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी जानेवारी २०२४ मध्येच यंत्राने लिहिलेल्या भोंगळ तक्रारींबद्दल जाहीर त्रागा केला होता. अशा पत्रांपेक्षा मोडक्या इंग्रजीत लिहिलेलं ‘हे करून पाहिलं, इथे अडलं, पडद्यावर अशी अशी चूक दिसली’ हे पत्र शंभर पटींनी बरं. व्याकरणासाठी कुणी कुणाला हाकलत नाही.

ग्वाल्हेरच्या मराठी मुलांकडे सांगण्यासारखं आणखीही काही आहे, आणि ते ती सांगत नाहीत. घरात मराठी, बाहेर हिंदी, कॉलेजात इंग्रजी अशा तीन भाषा त्यांच्या तोंडी बसलेल्या असतात. मुक्त सॉफ्टवेअरला अशी माणसं हवीच असतात. फायरफॉक्सचं मराठी भाषांतर मोझिलाच्या ‘पाँटून’ या व्यासपीठावर होतं; तिथे नवखाही शब्द सुचवू शकतो आणि जुने जाणते ते तपासून घेतात. त्याच मोझिलाने २०१७ मध्ये ‘कॉमन व्हॉइस’ सुरू केलं. लोकांनी पडद्यावरची वाक्यं वाचून आपला आवाज दान करायचा, म्हणजे त्यावरून यंत्रांना बोली समजायला शिकवता येईल. त्यात मराठीही आहे. पुण्यामुंबईचे उच्चार मिळवणं तुलनेने सोपं. हिंदीच्या शेजारात दोनशे वर्षं राहिलेली ग्वाल्हेरची मराठी कानावर घालायची तर ती ग्वाल्हेरकरांनीच घालायला हवी. या कामाला कोड लिहिता येण्याची गरज नाही, आणि आजी-आजोबांनाही ते जमेल.

तेव्हा यंदाची यादी आली की एखाद्या प्रकल्पात शिरण्याआधी तो प्रोग्राम स्वतःच्या संगणकावर एकदा चालवून पाहा. जिथे अडेल ते लिहून ठेवा. मग पत्र लिहा: काय करून पाहिलं, कुठे अडलं, आठवड्याला किती तास देऊ शकता. कॉलेजचं नाव सहीखाली घातलं तरी चालेल. ‘सर’ मात्र वगळा.