आषाढातला रोहू

रायपूरच्या मासळीबाजारात आषाढात मी आधी रोहूचं पोट बघते. गाभोळीनं टम्म फुगलेलं असलं तर घेत नाही. रोहू-कटला साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत; त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून 1972च्या कायद्याखाली छत्तीसगडात 16 जून ते 15 ऑगस्ट नद्या-जलाशयांतली मासेमारी बंद असते. नदी-नाल्यांशी न जोडलेली छोटी तळी आणि जलाशयांतले मत्स्यपालनाचे पिंजरे तेवढे सुटतात.

महानदीवरचा गंगरेल जलाशय हे आमच्याकडचं मोठं पाणी. तिथं नुसतं मत्स्यबीज सोडून भागत नाही. बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लंच, बारीक जाळ्यात गेली, तर पुढच्या वर्षी पकडणार काय? आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरानं हे भोगलंय. 1950च्या दशकात तिथं नाईल पर्च हा शिकारी मासा सोडला. त्यानं स्थानिक माशांच्या कितीतरी जाती संपवल्या, आणि पुढे त्याचीच पिल्लं जाळ्यात येऊ लागली. 1994मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी सरोवरासाठी सामाईक संस्था उभारली.

बंदीचा भार मात्र केवट-ढीमर या मासेमार समाजांतल्या घरांवर पडतो. बंदीच्या काळासाठीच्या बचत-सह-मदत योजनेत ते स्वतः पैसे भरतात, सरकार भर घालतं. माझ्या मते ती भर वाढायलाच हवी. आणि आपण? त्या दोन महिन्यांत विक्रेत्याला विचारा, मासा तळ्याचा की नदीचा. नदीचा असेल तर घेऊ नका.