कापूर उडाला, खडा राहिला!

दोस्तांनो, चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येरमाळ्याला येडेश्वरीचे भाविक भर उन्हात चुनखडीचे खडे वेचतात. पुडीतला कापूर तर न पेटवताच हळूहळू उडून जातो. मग खडा का उडत नाही?

कापराच्या रेणूंना धरून ठेवतं ते क्षीण व्हॅन डर वाल्स आकर्षण. घामातल्या पाण्याच्या रेणूंची पकड मुख्यतः हायड्रोजन बंधांची! ती सोडवायला लागणारी उष्णता घाम आपल्याच अंगातून घेतो, म्हणून झुळूक आली की गार वाटतं. माठाचंही तेच. आणि खडा? त्यात सुटे रेणूच नाहीत. कॅल्शियम आणि कार्बोनेटचे आयन विरुद्ध विद्युतभारांनी एकमेकांना जखडून बसलेले! त्याला भट्टीची सुमारे ९०० अंश सेल्सिअसची धगच हवी. तेव्हा कुठे कार्बन डायऑक्साइड निघून जातो नि कळीचा चुना उरतो.